बी फॉर्मवरचं नाव, बाबांची पेन्शन आणि तुमचं सरदारचं सर्टिफिकेट

प्रश्न थोडक्यात असा: वडील चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत कामाला आहेत, रिटायर व्हायला सव्वा वर्ष उरलंय. कंपनीच्या रेकॉर्डला नाव ‘बापू लिंगा’, आधारवर ‘बापूराव लिंगाजी’ आणि पुढे आडनाव. जन्मसालात दोन वर्षांचा फरक. पीएफच्या नॉमिनेशनमध्ये आईऐवजी वारलेल्या आजीचं नाव. मुलगा स्वतः त्याच भागात ठेकेदाराकडे चार वर्षं काम करतोय, त्याला माइनिंग सरदारची (शिफ्टआधी खाणीतली सुरक्षितता तपासणाऱ्या माणसाची) परीक्षा द्यायची आहे, आणि एक एजंट पैसे घेऊन ‘अंडरग्राउंडचा अनुभव’ लिहून द्यायला तयार आहे. सुरुवात कुठून करावी?

टाइम ऑफिसपासून, म्हणजे खाणीच्या हजेरी-नोंदींच्या कचेरीपासून करा. आधार केंद्रात आज जाऊ नका.

मी एकतीस वर्षं खाणीच्या पर्सनल, म्हणजे कर्मचारी विभागात काढली, त्यातली पहिली नऊ टाइम ऑफिसात. तुमच्यासारखी घरं रोज समोर यायची आणि बहुतेकांनी आधी तीच चूक केलेली असायची: हातात जो कागद सगळ्यात नवा, त्यावरून बाकीचे दुरुस्त करायचे. खाणीचं ऑफिस उलटं चालतं. तिथे सगळ्यात जुना कागद मोठा. तो खरा असेलच असं नाही, पण तो पहिला आहे, आणि वाद झाला की कोर्टसुद्धा आधी तोच मागवतं.

तो पहिला कागद म्हणजे बी फॉर्म. खाण कायदा, १९५२ च्या कलम ४८ प्रमाणे खाणीत काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवावी लागायची. १९५५ च्या खाण नियमांत तिचा नमुना ‘बी’ होता. नाव, बापाचं नाव, वय, गाव, कामाचं स्वरूप, कामावर लागल्याची तारीख, आणि सही किंवा अंगठा. २०१७ नंतर वेगवेगळ्या कायद्यांची रजिस्टरं एकत्र झाली, आता बरंच काही संगणकावर आहे, तरी तोंडात शब्द ‘बी फॉर्म’च राहिला. आणि तुमच्या बाबांचा जो आहे तो कागदीच असणार, बाजूने कुरतडलेला.

त्यात नावं अशी का, हे एकदा समजून घ्या, म्हणजे राग कमी येईल. भरतीच्या दिवशी लाइन लागलेली असायची. लिहिणारा बाबू कधी बंगाली, कधी हिंदी बोलणारा, लिहायचा इंग्रजीत. समोरचा माणूस राजुऱ्याकडचा, नाहीतर बल्लारपूर पट्ट्यातला तेलुगू बोलणारा. ‘पोचय्या’चं ‘पोचम’ झालं, ‘लिंगाजी’चं ‘लिंगा’ झालं. आडनाव विचारलंच नाही. वय? बाबूने चेहऱ्याकडे बघून टाकलं. मीही असं वय टाकलेलं आहे. विशीचा दिसला तर बावीस लिहायचं, म्हणजे पुढे अठराच्या आतला म्हणून बोंब नको. तेव्हा यात काही मोठं करतोय असं वाटलं नव्हतं.

तेव्हा पहिलं काम: बाबांच्या नावाने पर्सनल मॅनेजरला साधा अर्ज द्या, बी फॉर्मच्या त्या पानाची आणि सर्व्हिस शीटची (नोकरीच्या नोंदींच्या पानाची) साक्षांकित प्रत मागा. पोच घ्या. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. कोल इंडियाच्या कंपन्या त्या कायद्याखाली येतात. बाबा जर १९८७ च्या आधीचे असते तर सर्व्हिस एक्सर्प्ट नावाचा कागदही मागायला सांगितला असता. त्या साली प्रत्येक कामगाराला त्याच्या नोंदींचा उतारा देऊन ‘चूक असेल तर सांगा’ असं विचारलं होतं. कित्येकांनी न वाचता अंगठा दिला आणि वीस वर्षांनी तोच अंगठा त्यांच्या विरोधात पुरावा ठरला.

आता जन्मतारखेचं. तुमच्या प्रश्नात दबक्या आवाजात एक आशा आहे की आधारवरचं साल धरलं तर बाबांना दोन वर्षं जास्त नोकरी मिळेल. सोडून द्या. कोळसा उद्योगात वय ठरवायला इम्प्लिमेंटेशन इन्स्ट्रक्शन क्रमांक ७६ आहे, म्हणजे वेतन कराराच्या अंमलबजावणीची सूचना, १९८८ ची. तिच्याप्रमाणे मॅट्रिकचा दाखला असेल तर तो सर्वांत वर. तो नसेल आणि ज्यावर मॅनेजरने जन्मतारीख प्रमाणित केलेली असते असं सरदार किंवा वाइंडिंग इंजिनचं (खाणीत माणसं-माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्राचं) सर्टिफिकेट असेल तर ते. काहीच नसेल आणि नोंदींतच उघड विसंगती असेल तर वय ठरवणारी समिती किंवा मेडिकल बोर्ड. आधार या रांगेत कुठेच नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. शिवाय नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात जन्मतारीख बदलून मागणं न्यायालयं मान्य करत नाहीत. २०२० मध्ये भारत कोकिंग कोलच्या एका कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं. सव्वा वर्ष उरलेलं असताना हा अर्ज टाकलात तर तारीख बदलणार नाहीच, उलट फाइलवर ‘जन्मतारीख वादग्रस्त’ असा शेरा पडेल आणि पेन्शनचा दावा त्या शेऱ्याला अडकेल. मी अशी फाइल तीन वर्षं अडकलेली पाहिली आहे. माणूस साठीला घरी गेला आणि त्रेसष्टाव्या वर्षी त्याला पहिली पेन्शन मिळाली.

नावाचं तसं नाही, नाव सुटतं. ‘बापू लिंगा’ आणि ‘बापूराव लिंगाजी’ ही एकाच माणसाची रूपं आहेत हे कोणालाही पटण्यासारखं आहे. दोन रस्ते आहेत. एक, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, सोबत सरपंचाचा किंवा तहसीलचा दाखला, आणि कंपनीकडून ‘उर्फ’ अशी नोंद करून ऑफिस ऑर्डर. दुसरा, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून तो सर्वत्र लावायचा. माझा कल पहिल्याकडे. एकच बघा की ऑफिस ऑर्डर निघालीच पाहिजे. नुसतं प्रतिज्ञापत्र फाइलला लावून ठेवलं तर ते फाइलमध्येच म्हातारं होतं. धनबादला किंवा नागपूरच्या पीएफ कार्यालयात बसलेल्या माणसाला ते दिसत नाही.

आधार बदलायचा की कंपनीचं रेकॉर्ड? बँक खातं आणि पॅन आधारशी जुळत असतील तर ते तिन्ही तसेच ठेवा आणि कंपनीकडून ‘उर्फ’ घ्या. तीनही एकमेकांत जुळत नसतील तर मात्र आधार कंपनीच्या नावावर आणणं कमी खर्चाचं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. एक संधी आधीच गेलेली असेल तर दुसरी जपून वापरा.

इथे एक अवघड गोष्ट लिहितो, कारण कोणी उघड लिहीत नाही. कोळसा पट्ट्यात काही घरं अशी आहेत जिथे नाव एकाचं आणि काम करणारा दुसरा. भाऊ मेला किंवा पळाला, त्याच्या नावावर धाकटा खाणीत उतरला आणि तीस वर्षं उतरत राहिला. तुमचं तसं नाही हे दिसतंय. पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचं असेल तर ‘एकच व्यक्ती’चं प्रतिज्ञापत्र करू नका. ते खोटं प्रतिज्ञापत्र होईल. आधी कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा, युनियनच्या पोरांना नंतर.

आता आईचं नाव. लोक समजतात की नॉमिनी एकदा बदलला की सगळीकडे बदलला. तीन वेगळे कागद आहेत, तीन वेगळ्या पैशांचे.

पहिला कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे सीएमपीएफचा. हा ईपीएफ नव्हे. याचा कायदा १९४८ चा, मुख्यालय धनबादला, आणि आपल्या भागाचं काम नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयातून चालतं. कामगाराचे बारा टक्के, तेवढेच मालकाचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत ईपीएफचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, सीएमपीएफचा गेलेला नाही. म्हणून इंटरनेटवर ईपीएफबद्दल वाचलेलं काहीही बाबांना लावू नका. यूएएन, पासबुक, ऑनलाइन क्लेम, त्यातलं काही इथे तसंच मिळेल असं गृहीत धरू नका. इथे आजीचं नाव काढून आईचं टाकायचं, मॅनेजरच्या सहीने, आणि पोच आपल्याकडे ठेवायची.

दुसरा कागद ग्रॅच्युइटीचा. जुन्या नियमांत नॉमिनेशनचा फॉर्म ‘एफ’ होता आणि मागणीचा ‘आय’. कायदा आता संहितेत गेल्यामुळे ऑफिसात जो चालू नमुना असेल तोच घ्या, पण हिशेब तोच: शेवटचा मासिक पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. कमाल मर्यादा वीस लाख. तीस दिवसांत द्यायची असते. प्रत्यक्षात ती अडते कशाला, तर ‘नो ड्यूज’ला, म्हणजे काही देणं बाकी नाही या दाखल्याला. क्वार्टर रिकामं केल्याचा कागद, स्टोअर, पतसंस्था, दवाखाना आणि लॅम्प रूम. लॅम्प रूमला हसू नका. कॅप लॅम्प (टोपीवरचा दिवा) किंवा सेल्फ रेस्क्युअर (विषारी वायूत श्वास घेण्याचं साधन) जमा केल्याची नोंद सापडत नाही म्हणून एका हाजरीबाबूला आठ दिवस फिरवलेलं मी पाहिलंय, आणि तो स्वतः खाली कधी उतरलाच नव्हता! क्वार्टरचा विषय मात्र गंभीर आहे. पोराचं शिक्षण इथे चालू आहे म्हणून क्वार्टर धरून बसायचं आणि ग्रॅच्युइटी अडवून घ्यायची, हा घाट्याचा सौदा. घराचं आत्ताच ठरवा.

तिसरा कागद पेन्शनचा, आणि यालाच नॉमिनी नव्हे, कुटुंब लागतं. कोळसा खाण पेन्शन योजना ३१ मार्च १९९८ पासून आहे. बाबांच्या पगारातून ऑक्टोबर २०१७ पासून सात टक्के तिकडे जातात आणि कंपनीही सात टक्के घालते. पूर्ण पेन्शन सरासरी पगाराच्या पंचवीस टक्के; नोकरी कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. याचा अर्थ नीट समजा: जी रक्कम पहिल्या महिन्याला ठरेल, तीच ऐंशीव्या वर्षीही. म्हणून ठरतानाच बरोबर ठरली पाहिजे. कुटुंबाच्या तपशिलात आईचं नाव, तिची जन्मतारीख आणि दोघांचा एकत्र फोटो लागतो. तिच्या आधारवर ‘गंगूबाई’ आणि रेशनकार्डावर ‘गंगाबाई’ असलं काही असेल तर तेही आत्ताच सोडवा. बाबा जिवंत असताना त्यांच्या सहीने हे एका दुपारी होतं. ते गेल्यावर त्याच कामासाठी वारसदाखला मागतात आणि बाईला तालुका कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पेन्शनसाठी अजून एक बघायचं ते व्ही-व्ही स्टेटमेंट, म्हणजे दर वर्षीच्या वर्गणीचा तक्ता. बाबांची कधी एका खाणीतून दुसऱ्या खाणीत बदली झाली असेल तर नेमकं ते वर्ष तपासा. जुन्या खाणीने मार्चपर्यंत भरलेलं असतं, नव्या खाणीने जूनपासून; मधले दोन महिने कोणाचेच नसतात. पगाराची जुनी चिठ्ठी असेल तर कपात दिसते, आणि मग दोष खाणीचा, कामगाराचा नाही. घरातली ट्रंक उघडा. बायका या चिठ्ठ्या टाकत नाहीत, हा माझा अनुभव आहे. सीएमपीएफचं ‘सी-केअर्स’ नावाचं पोर्टल आहे, त्यातही नोंदी बघायला मिळतात, पण पोर्टलवर जे येतं ते याच कागदांतून चढवलेलं असतं. दावा रिटायर व्हायच्या सहा महिने आधी भरून घ्या. पेन्शन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तो आता मोबाइलवरूनही होतो.

आता तुमच्याकडे येतो.

एजंटला नाही म्हणा. नीतीचा भाग बाजूला ठेवा. सरदाराचं काम काय असतं ते आठवा. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे खाणीतल्या आपल्या भागात जातो, छत ठोकून बघतो, वायू तपासतो आणि त्याच्या शब्दावर माणसं आत जातात. मिथेन हवेत सव्वा टक्क्यावर गेला की माणसं बाहेर काढायची असतात, आणि सव्वा टक्का डोळ्याला दिसत नाही, नाकाला येत नाही. सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून तिच्यावर जी फिकट निळी टोपी येते ती वाचायला यावी लागते. आता मिथेनोमीटर आलेत, पण परीक्षक अजून ज्योत वाचायला लावतात आणि बरोबर करतात. जो कधी खाली उतरलाच नाही तो पहिल्या प्रश्नात सापडतो. परीक्षकाच्या हातून सुटला तरी बनावट अनुभवावर मिळालेलं सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि ते गेलं की सोबत नोकरीही जाते.

सर्टिफिकेट देतं ते खाण परीक्षा मंडळ, त्याचा अध्यक्ष खाण सुरक्षा महानिदेशालयाचा, म्हणजे डीजीएमएसचा प्रमुख. हेही धनबादलाच. नियम कोळसा खाण विनियम, २०१७ चे. त्या त्या परीक्षेच्या सूचनेत किती अनुभव हवा ते दिलेलं असतं. तुमच्या शिक्षणाप्रमाणे तो बदलतो, म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका. कागद मात्र तेच: दहावीचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्ती, सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट, भूमिगतसाठी गॅस टेस्टिंगचं, आणि मॅनेजरच्या सहीचा अनुभवाचा दाखला. प्रथमोपचाराच्या सर्टिफिकेटची मुदत संपते. अर्ज भरायच्या दिवशी ते चालू पाहिजे. या एका कारणाने बाद झालेले अर्ज मी मोजणं सोडून दिलं.

तुमचा खरा प्रश्न अनुभवाचा आहे आणि तिथे तुमच्या ठेकेदाराचं पत्र चालणार नाही. त्याच्या लेटरहेडला किंमत नाही. दाखला खाणीच्या मॅनेजरचा हवा, आणि मॅनेजर तेच लिहील जे त्याच्या रजिस्टरात आहे. तेव्हा बाबांसाठी बी फॉर्म मागायला जाल त्याच दिवशी स्वतःचीही नोंद बघा. ठेकेदाराच्या माणसांची नावंही खाणीच्या रजिस्टरात असायला हवीत. आणि हजेरी कोणत्या रजिस्टरात लागली ते विचारा. जुन्या नमुन्यांत भूमिगतची हजेरी ‘सी’मध्ये, ओपनकास्टची (वरून उघड्या खाणीची) ‘डी’मध्ये, पृष्ठभागावरची ‘ई’मध्ये लागायची. तुम्ही चार वर्षांतली तीन वर्षं कोळसा हाताळणी प्लांटवर किंवा सायडिंगला (कोळसा भरायच्या रेल्वे रुळांवर) काढली असतील तर ती ‘ई’ची वर्षं, सरदारकीला ती उपयोगी नाहीत. ओपनकास्टचाच अनुभव असेल तर सर्टिफिकेट रिस्ट्रिक्टेड मिळतं, म्हणजे फक्त ओपनकास्टपुरतं. ते वाईट नाही. आपल्या भागात उत्पादन आता मुख्यतः ओपनकास्टचंच आहे. पुढे भूमिगतचा अनुभव घेऊन ते बदलून घेता येतं.

रजिस्टरात तुमचं नाव सापडलं नाही तर दोन ठिकाणी शोधा. व्हीटी (व्यावसायिक प्रशिक्षण) सेंटरमध्ये: १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांप्रमाणे ट्रेनिंग दिल्याशिवाय खाणीत कामाला लावता येत नाही, म्हणून तिथे तारखेसह नोंद असते. आणि कंपनीच्या दवाखान्यात, जिथे कामाला लागण्याआधी तुमची तपासणी होऊन ‘ओ’ फॉर्म भरला गेला असेल. पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी असते, ती चुकवू नका, छातीच्या एक्स-रेची तुमची प्रत मागून घ्या. या दोन तारखा तुमच्या बाजूने उभ्या राहतात. तिसरा साक्षीदार पीएफ. कोळसा खाणीतल्या ठेका कामगारालाही सीएमपीएफ लागू आहे. तुमच्या पगारातून कपात होते का, खातं क्रमांक काय, हे ठेकेदाराला लेखी विचारा. क्रमांक असेल तर चार वर्षांची वर्गणी हाच तुमच्या नोकरीचा पुरावा. नसेल तर ती वेगळी तक्रार, आणि ती तुम्ही एकट्याने न करता सोबतच्या दहाजणांनी मिळून करा, एकट्याचा गेट पास उद्या बंद होतो.

अर्जात जन्मतारीख आणि नाव दहावीच्या दाखल्याबरहुकूम लिहा, एक अक्षर इकडे-तिकडे नको. वर ७६ नंबरची इन्स्ट्रक्शन सांगितली ना, तिच्यात सरदारच्या सर्टिफिकेटला वयाचा पुरावा मानलंय. तुम्ही पुढे कंपनीत लागलात तर आज भरलेला हा रकाना तुमच्या साठाव्या वर्षी उघडला जाईल.

बी फॉर्मची प्रत हातात आली की तिथे बाबांचं वय कसं लिहिलंय ते कळवा. पूर्ण जन्मतारीख आहे, नुसता आकडा आहे, की वर खाडाखोड आहे. खाडाखोड असेल आणि तिच्यावर सही नसेल, तर नावाचा अर्ज टाकायच्या आधी मला लिहा.